रॅलीचं गाव

आमच्या वऱ्हाडात ऐंशी-नव्वदीतल्या माणसांशी कापसाबद्दल बोलत बसलं, की कधी ना कधी 'रॅली' या कापूस खरेदी करणाऱ्या जुन्या पेढीचं नाव निघतंच. रॅलीचा माणूस बाजारात उतरला की भाव फुटायचा, रॅलीची गाठ म्हणजे पक्की गाठ, असं काहीबाही. सांगणाऱ्यानंही हे पाहिलेलं नसतं, बापाच्या तोंडून ऐकलेलं असतं. माझ्या पणजोबांच्या मोडीतल्या एका खतावणीत हे नाव मधूनमधून येतं. मोडी वाचणाऱ्या एका आप्तांनी ती पानं बोट ठेवून वाचून दाखवली, तेव्हा पिवळ्या कागदावरच्या त्या अक्षरांकडे मी बराच वेळ बघत राहिले होते. पुढे फवारणीच्या औषधांच्या डब्यांवर 'रॅलीज' हेच नाव दिसायचं. शंभर वर्षं उलटली तरी नाव काही आमच्या शेताबाहेर गेलं नव्हतं.

गावात रॅलीला सगळे इंग्रज समजत. ते घराणं ग्रीक, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला जवळजवळ चिकटलेल्या किऑस नावाच्या डोंगराळ बेटावरचं. पाच भावांची पेढी. 1818 साली त्यांनी लंडनमध्ये बस्तान बसवलं, मग मँचेस्टर, मार्सेय, ओदेसा, कॉन्स्टँटिनोपल, पार इराणातल्या तब्रीझपर्यंत माणसं नेमली. 1851 साली कलकत्त्यात कचेरी उघडली आणि 1861 साली मुंबईत. मुंबईचं वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर सगळ्या जगाची नजर वळली. रेल्वेचे रूळ वऱ्हाडातून 1867 साली नागपूरला पोचले. रुळांच्या मागोमाग सरकी काढणारे जिन आले, गाठी बांधणारे प्रेस आले, परदेशी पेढ्यांचे खरेदीदार आले. त्यांत रॅली ब्रदर्सचे होते. 1948 साली त्यांतूनच रॅलीज इंडिया ही कंपनी झाली, पुढे ती टाटा समूहात गेली.

ग्रीसला जायचं ठरलं तेव्हा धाकट्या बहिणीला सान्तोरिनीचे निळे घुमट बघायचे होते. मी किऑसचा हट्ट धरला. आमचा कापूस विकत घेणारा माणूस कोणत्या मातीतून आला, हे मला बघायचं होतं. ती बिचारी कबूल झाली, समुद्रावर दोन दिवस जास्त मिळतील या अटीवर.

अथेन्सजवळच्या पिरियसच्या बंदरातून रात्रीची बोट निघते आणि आठ-नऊ तासांनी किऑसला लागते. आम्ही डेकवर उभ्या होतो तेव्हा उजाडत होतं. एका बाजूला बेटाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला आशियाचा किनारा, आणि दोहोंच्या मधे इतका अरुंद समुद्र की तुर्कस्तानातल्या चेश्मे गावाचे दिवे मोजता यावेत. सामुद्रधुनी अगदी अरुंद आहे तिथे अंतर जेमतेम सात-आठ किलोमीटर. उत्तरेला पेलिनेओ डोंगर, 1297 मीटर उंच. आकडा ऐकून कळसूबाई चढलेल्या माणसाला काही वाटणार नाही. पण तो थेट पाण्यातून उठतो, मधे पठार नाही की पायथा नाही. चुनखडीचा राखाडी, उघडाबोडका डोंगर. या बेटाचं उत्तरेचं अंग असं कोरडं आणि दक्षिणेचं हिरवं आहे.

बंदरावरचं शहर पहिल्या नजरेत मनात भरत नाही. 1881 च्या एप्रिलमध्ये इथे मोठा भूकंप झाला, हजारो माणसं गेली, जुनं शहर कोसळलं. आज धक्क्यावर दिसतात त्या बहुतेक सिमेंटच्या इमारती आणि त्यांच्याखाली कॉफीची दुकानं. पण बंदराच्या उत्तरेला लागूनच किल्ला आहे आणि त्याच्या आत माणसं राहतात. तटबंदीच्या आत गल्ल्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, जुनं तुर्की हमाम, मशिदीचा मोडका मिनार, आणि जुनं तुर्की कबरस्तान. दरवाज्याजवळ एक बुटकी अंधारी खोली आहे. 1822 साली बेटावरचे बिशप प्लेटो आणि नामांकित घराण्यांमधले कर्ते पुरुष तिथे ओलीस म्हणून कोंडले होते. त्यांना एप्रिलमध्ये फासावर चढवलं.

हे 1822 समजून घेतल्याशिवाय किऑसमध्ये एक पाऊल टाकता येत नाही. उस्मानी तुर्कांच्या राज्याविरुद्ध ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध सुरू होऊन वर्ष झालं होतं. किऑस त्यात उतरायला तयार नव्हतं. बेट श्रीमंत होतं, व्यापार चांगला चालला होता, उस्मानी सुलतानानं सवलती दिल्या होत्या. शेजारच्या सामोस बेटावरून काही लोक मार्चमध्ये येऊन उतरले आणि त्यांनी किल्ल्याला वेढा घातला. उत्तर म्हणून उस्मानी आरमार आलं, समोरच्या आशियाच्या किनाऱ्यावरून झुंडीच्या झुंडी आल्या. पुढच्या काही आठवड्यांत हजारोंची कत्तल झाली. त्याहून जास्त बायका-मुलं गुलाम म्हणून स्मिर्ना (आजचं इझमीर) आणि कॉन्स्टँटिनोपलच्या (आजचं इस्तंबूल) बाजारात विकली गेली. लाखभर वस्तीचं बेट जवळजवळ रिकामं झालं. फ्रेंच चित्रकार देलाक्र्वानं 1824 साली याच कत्तलीचं भलंमोठं चित्र काढलं, ते आज पॅरिसला लूव्हरमध्ये आहे. त्या आरमाराचा प्रमुख कारा अली. जूनमध्ये कानारिस नावाच्या ग्रीक खलाशानं रात्री पेटती नाव त्याच्या जहाजाला नेऊन भिडवली, त्यात तो मेला. त्याची कबर किल्ल्यातल्या त्याच कबरस्तानात आहे. ज्यांनी एवढं सोसलं त्यांनी ती उखडून टाकली नाही, या गोष्टीचं मला अजून आश्चर्य वाटतं.

याच तटाखालच्या खंदकात 2015 नंतर सीरिया आणि अफगाणिस्तानातून रबरी होड्यांवर आलेल्या लोकांचे तंबू होते. 1922 साली आशिया मायनरमधून, म्हणजे समोरच्या तुर्कस्तानातून, हाकललेले ग्रीक इथेच उतरले होते. त्याच्या शंभर वर्षं आधी इथले लोक याच पाण्यातून पळत होते. सात किलोमीटर पाणी आणि ते ओलांडणारी माणसं, दिशा तेवढी बदलत गेली.

रॅली भाऊ कत्तलीच्या आधीच लंडनला पोचले होते. पण मागे राहिलेल्या घराण्यांमधले जे वाचले ते ट्रिएस्ट, लिव्होर्नो, मार्सेय, लंडन असे विखुरले, आणि मामा-भाचे-जावई अशा नात्यांनी एकमेकांना धरून राहिले. रॅली, अर्जेन्ती, स्कारामांगा, स्किलिझी, रोदोकानाकी, पेत्रोकोकिनो ही सगळी नावं एकमेकांत लग्नं करत, एकमेकांच्या पेढ्यांत मुलं कामाला लावत युरोपभर पसरली. कलकत्त्याला किंवा मुंबईला आलेला कारकून बहुधा कुणाचा तरी पुतण्या असायचा. गाव गमावलेल्या माणसाला कागदापेक्षा नातं पक्कं वाटतं, आणि त्या पेढ्यांची अर्धी ताकद तिथेच होती, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

ही घराणी जिथे राहायची तो भाग म्हणजे काम्पोस, शहराच्या दक्षिणेचा सपाट, सुपीक पट्टा. तिथल्या एका जुन्या वाड्यात आम्ही उतरलो होतो. काम्पोसच्या गल्ल्यांतून चालताना पहिल्यांदा काहीच दिसत नाही, दोन्ही बाजूंना नुसत्या उंच दगडी भिंती. थिमियाना गावच्या खाणीतला हा लालसर-पिवळसर दगड, रंगांचे थर एकाआड एक लावून रचलेला. भिंतींवरून फक्त संत्र्याच्या झाडांचे शेंडे डोकावतात आणि वास येतो. कमानीच्या दरवाज्यातून आत गेलं की काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी काढलेलं अंगण, मधे संगमरवरी कठड्याचा हौद, त्याच्यावर द्राक्षाचा मांडव, कडेला विहीर आणि विहिरीवर चक्क रहाट. लाकडी चक्र, त्याला बांधलेली पोहऱ्यांची माळ, जनावर गोल फिरवायचं आणि पाणी पन्हळीतून हौदात पडायचं. आता मोटार बसवली आहे, पण रहाट काढून टाकलेला नाही.

मालकीणबाई सत्तरीच्या. दुपारी उन्हातून आल्यावर त्यांनी आम्हाला अंगणात बसवलं आणि काचेच्या बशीत एक-एक चमचा पाकातलं मँडरिन आणून दिलं, सालीसकट, अख्खं, आणि शेजारी गार पाण्याचा पेला. आपल्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी देतात तसं. मी त्यांना रॅलीबद्दल विचारलं. नाव अर्थातच माहीत होतं. त्या गल्लीच्या टोकाकडे हात करून म्हणाल्या, ही सगळी अशीच मोठी घराणी होती, गेली ती परत आली नाहीत, आली ती उन्हाळ्यापुरती. मग मी त्यांना पणजोबांची खतावणी, वऱ्हाड, कापूस असं सगळं सांगत गेले. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "पैसे नीट दिले का त्यांनी?" मी म्हटलं, लोक तसं सांगतात. त्या समाधानानं हसल्या आणि आणखी एक मँडरिन वाढलं.

संध्याकाळी आम्ही त्या गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. भूकंपानंतर न सावरलेला एक वाडा होता. छप्पर नाही, मजला नाही. बाहेरून चढणारा दगडी जिना मात्र शाबूत, वर जाऊन हवेत संपणारा. अंजिराचं झाड भिंतीतून उगवलेलं. तो कुणाचा होता हे सांगणारी पाटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी डोंगरात नेआ मोनीला गेलो. अकराव्या शतकातला मठ. बायझंटाइन सम्राट नववा कॉन्स्टंटाइन मोनोमाखोस याच्या पैशानं 1042 साली त्याचं काम सुरू झालं. कथा अशी, की तीन साधूंना इथे मेंदीसारख्या एका झुडपावर मेरीची प्रतिमा सापडली. राजधानीहून आलेल्या कारागिरांनी आतली मोझेक केली आणि त्यांसाठी 1990 साली युनेस्कोनं हा मठ जागतिक वारसा म्हणून नोंदवला. घुमट 1881 च्या भूकंपात पडला, पुन्हा बांधला. त्यावरचं मोझेक गेलं ते गेलंच. उरलंय त्यात पुनरुत्थानाचा एक प्रसंग आहे. ख्रिस्त पाताळात उतरलाय आणि आदमाला मनगट धरून वर ओढतोय. सोन्याच्या पार्श्वभूमीवर चेहरे मात्र गोड नाहीत. हिरवट छाया, जाड काळ्या रेषा, दमलेले, कष्टाळू चेहरे. जवळ जाऊन बघितलं तर गालावरची सावली ही नखाएवढ्या काचेच्या तुकड्यांची ओळ आहे, एक तुकडा जरा तिरका बसवलेला, म्हणून तिथे उजेड वेगळा पडतो. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तो अंगठ्यानं दाबून मुद्दाम तिरका बसवला असेल.

दरवाज्याजवळच्या छोट्या देवळात काचेच्या कपाटात कवट्या ठेवल्या आहेत. 1822 मध्ये आसऱ्याला आलेल्यांच्या आणि साधूंच्या. काहींवर तलवारीच्या चिरा स्पष्ट दिसतात. काही कवट्या लहान आहेत. बहीण बाहेर निघून गेली. मी थांबले. तिथे फोटो काढावा असं मला वाटलं नाही आणि त्याबद्दल जास्त लिहावं असंही वाटत नाही.

तिथून पुढे घाटाच्या वळणांनी आनावातोस. उंच सुळक्यावर बांधलेलं दगडी गाव, डोंगराच्याच रंगाचं. दूरून घर कुठलं आणि कडा कुठला ते कळत नाही. वर जायला एकच वाट, बाकी तिन्ही बाजूंना खोल दरी. सह्याद्रीतल्या माणसाला ही जागा पाहताक्षणी कळते. हल्ला झाला तर कुठून येणार, पाणी कुठे साठवणार, शेवटचा मोर्चा कुठे. 1822 मध्ये तो मोर्चाही पडला, तेव्हा पकडले जाण्यापेक्षा अनेकांनी वरून दरीत उड्या घेतल्या, असं इथे सांगतात. आज गाव जवळजवळ ओसाड आहे. पायथ्याशी एक खानावळ चालते. वरच्या घरांमधून फिरताना कोनाडे दिसतात, चुलीची जागा दिसते, भिंतीत बसवलेला पाण्याचा रांजण दिसतो. वर ताक्सिआर्किसचं चर्च आणि त्याच्या पुढे नुसतं आकाश.

समुद्राबद्दल बहिणीला विचारलं तर ती पानंच्या पानं लिहील. मी थोडक्यात सांगते. पांढऱ्या वाळूचे किनारे इथेही आहेत, पण बेटाची खरी ओळख म्हणजे दक्षिण टोकाला एम्पोरिओसजवळचा माव्रा वोलिया. विझलेल्या ज्वालामुखीनं दिलेला किनारा. वाळू नाही, सगळे काळेभोर गुळगुळीत गोटे. लाट मागे सरते तेव्हा लाखो गोटे एकदम खडखडतात आणि आवाज छातीत उतरतो. उन्हात ते इतके तापतात की चप्पल काढून पाण्यापर्यंत पळावं लागतं. गोटे घरी न्यायला बंदी आहे आणि ते बरंच आहे, नाहीतर किनारा एव्हाना फुलदाण्यांमध्ये जाऊन बसला असता. मागच्या टेकडीवर इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकातल्या वस्तीचे आणि अथेना देवीच्या देवळाचे अवशेष आहेत. बहीण पोहत होती तेवढ्यात मी तिकडे चढून आले.

आणि मग दक्षिणेची मस्तकीची गावं. यांच्यासाठी मी पुन्हा किऑसला जाईन.

मस्तकी म्हणजे आपल्या युनानी औषधांच्या आणि जुन्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळते ती रुमी मस्तकी. पिवळसर, पारदर्शक, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे दाणे. पिस्त्याच्या कुळातलं एक बुटकं, वाकडंतिकडं झाड आहे, भूमध्य समुद्राच्या काठानं सगळीकडे उगवतं. पण त्याच्या खोडातून हा डिंक भरभरून, गोळा करण्याजोगा गळतो तो फक्त किऑसच्या दक्षिण भागात. संत इसिदोर यांना तिसऱ्या शतकात इथे ठार मारलं तेव्हा झाडं रडली, तेच हे अश्रू, अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे.

इटलीतल्या जेनोआच्या लोकांनी 1346 साली बेट जिंकलं. ते चालवायला भागधारकांची एक कंपनी काढली, तिचं नाव माओना. पुढे तिच्या सगळ्या भागधारकांनी जुस्तिनियानी हे आडनाव घेतलं. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी जन्माला यायच्या अडीचशे वर्षं आधी एक व्यापारी कंपनी इथे राज्य करत होती, आणि ते सगळं एका डिंकासाठी. मस्तकी फक्त कंपनीला द्यायची. चोरून विकली तर शिक्षा भयंकर, प्रमाण वाढेल तसे कान, नाक कापण्यापर्यंत. 1566 साली उस्मानी आले, मक्तेदारी त्यांच्याकडे गेली. सुलतानाच्या जनानखान्यात मस्तकी चघळली जायची. त्या महसुलापायीच 1822 मध्ये ही गावं बरीचशी वाचली.

मेस्ता हे गाव बघितलं की कंपनी सरकार म्हणजे काय ते कळतं. सगळ्या घरांच्या पाठी एकमेकांना चिकटवून बाहेरचा तट केला आहे, बाहेरच्या भिंतींना जुन्या काळी ना दार ना खिडकी. आत शिरायला मोजके दरवाजे. गल्ल्या इतक्या अरुंद आणि कमानींनी झाकलेल्या, की भर दुपारी गार अंधार. मध्यभागी बुरूज असायचा, तो पाडून एकोणिसाव्या शतकात मोठं चर्च बांधलं. हा सगळा बंदोबस्त चाच्यांपासून बचावासाठी, असं सांगतात आणि ते खरंच आहे. पण संध्याकाळी दरवाजे बंद झाले की आतलं पीकही आतच राहत होतं. वखारीचं कुंपण आणि गावाचं कुंपण एकच.

पिर्गी तिथून थोड्या अंतरावर, आणि अगदी वेगळं. तिथे घरांच्या भिंती पायापासून छपरापर्यंत काळ्या-पांढऱ्या नक्षीनं भरलेल्या असतात. आधी काळ्या वाळूचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्यारानं खरवडून त्रिकोण, चौकोन, वर्तुळं, अर्धचंद्र काढायचे. खरवडलेल्या जागी काळं दिसतं. एका गल्लीत मिस्त्री काम करत होता. दोरीला खिळा बांधून त्यानं वर्तुळ आखलं आणि काट्यासारख्या हत्यारानं आतल्या पाकळ्या खरवडत गेला. चुना वाळायच्या आत पट्टा पुरा करायचा म्हणून तो आमच्याकडे बघतही नव्हता. वर सगळ्या सज्ज्यांना लहान टोमॅटोंच्या लाल माळा टांगलेल्या, हिवाळ्याची बेगमी.

सप्टेंबर संपत आला होता. झाडांखालची जमीन अजून पांढरी होती. जुलैमध्ये खोडाभोवतीची जागा सपाट करून झाडून काढतात आणि तिच्यावर पांढरी चुनखडीची माती चाळून पसरतात. मग छोट्या लोखंडी हत्यारानं सालीवर बारीक चिरा द्यायच्या, एकदम खूप नाही, काही दिवसांनी थोड्या थोड्या. थेंब खाली पडतात आणि दोन-तीन आठवडे तसेच सुकू देतात. गोळा करायचं पहाटे, ऊन चढलं की थेंब चिकट होतात. मी एका झाडाखाली उकिडवी बसले. सालीवर एक थेंब अर्धवट लोंबत होता, वर घट्ट, टोकाशी ओला. बोट लावलं तर तारेसारखा ओढला गेला आणि देवदाराचा वास हाताला लागला, तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. एका झाडापासून वर्षाला मिळतं काय, तर बऱ्या झाडाचे दीड-दोनशे ग्रॅम.

दारात बसून एक आजी ती मस्तकी निवडत होत्या. मांडीवर परात, हातात छोटा चाकू. एक एक दाणा उचलायचा, त्याला चिकटलेली माती, सालीचा कण टोकानं काढायचा, टाकायचा दुसऱ्या परातीत. शेजारी नात, अथेन्सला शिकलेली, सुटीला आलेली. तीच आमची दुभाषी झाली. आजींनी विचारलं, शेती आहे का घरी? मी म्हटलं, कापूस. त्यांनी लगेच विचारलं, "वेचणीला पाऊस आला तर?" मी म्हटलं, गेलं सगळं, कापूस भिजतो, काळा पडतो. त्यांनी परात खाली ठेवली आणि नातीला काहीतरी भराभर सांगू लागल्या. उन्हाळ्यात पाऊस आला तर थेंब मातीत मिसळतात, डिंक वाया जातो, अमुक सालीही असंच झालं होतं. पावसाची ती चीड मला भाषेशिवायच समजत होती. माझ्या आईच्या तोंडून ती मी शंभरदा ऐकली आहे.

मग मी नातीला तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक कापूसवाल्याच्या घरात पहिला असतो. भाव कोण ठरवतं? नातीनं आजीला न विचारताच उत्तर दिलं. आम्हीच.

1938 साली, भाव पडलेले आणि माल पडून राहिलेला अशा वेळी, या चोवीस मस्तकी-गावांतल्या उत्पादकांचा संघ झाला. गावोगावच्या सहकारी सोसायट्या आणि त्यांच्या वर हा संघ. सगळा कच्चा माल त्याच्याकडेच जातो, व्यापारी मधे नाही. प्रतवारी, सफाई, विक्री, निर्यात सगळं तोच करतो. 1997 पासून किऑसची मस्तकी हे नाव युरोपात कायद्यानं संरक्षित आहे. 2014 साली ती पिकवण्याची कला युनेस्कोनं वारसा म्हणून नोंदवली. पिर्गीजवळच्या डोंगरउतारावर 2016 मध्ये मस्तकीचं संग्रहालय उघडलं. तिथे जेनोईज कंपनीपासून संघापर्यंतचा सगळा इतिहास मांडला आहे. मी तिथे दोन तास होते. बाजूच्या वाफ्यांमध्ये झाडं लावली आहेत आणि काचेतून समोरचे उतार दिसतात. 2012 च्या ऑगस्टमध्ये मोठा वणवा लागला आणि मस्तकीच्या बागांच्या बागा जळाल्या. नवं झाड लावलं की पाच-सहा वर्षं काहीच मिळत नाही, भरात यायला त्याहून किती तरी जास्त. तरी लोकांनी लावली.

आमच्याकडे 1972 साली राज्य सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. व्यापाऱ्याला मज्जाव, कापूस फक्त सरकारच्या योजनेत, हमीचा भाव. तीस वर्षं रेटून ती बारगळली. आता तुलना करायची तर दोन फरक डोळ्यांआड करता येत नाहीत. मस्तकी जगात एकाच जागी होते, कापूस निम्म्या जगात होतो आणि त्याचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यात ठरतो. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आमची योजना मुंबईहून गावात आली. त्यांचा संघ गावातून शहरात गेला. परातीतला दाणा निवडणाऱ्या त्या आजींचं सोसायटीत मत आहे, आणि भाव विचारला तर नात 'ते' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणते.

त्या रात्री काम्पोसच्या अंगणातून गावी चुलतभावाला फोन लावला. तो शेती करतो, त्याच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीत संचालक आहे. रॅलीच्या गावाला आले म्हटल्यावर त्यानं आधी तिथे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कशी आहे ते विचारलं. नाही म्हटल्यावर मस्तकीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, पन ते तं तिथंच होते. कापूस कुठंबी होते. आपल्याले असं जमन का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. मग म्हणाला, "माल पोचला का पैसे केव्हा देतात त्याईले? हप्ते पाडून का एकदमच? न् निवडाईची मजुरी कोनाच्या अंगावर, संघाच्या का शेतकऱ्याच्या?"

यातलं काहीच मी विचारलेलं नव्हतं. सकाळी पुन्हा पिर्गीला गेलो. बहिणीचा समुद्राचा दिवस गेला, ती काही बोलली नाही. नात घरीच होती. प्रश्न ऐकून ती आम्हाला सरळ गावातल्या सोसायटीच्या कचेरीत घेऊन गेली आणि टेबलामागच्या माणसासमोर खुर्च्या ओढल्या. तो सांगत गेला, ती भाषांतर करत गेली, मी मराठीत उतरवत गेले. चुलतभावाच्या कंपनीची सभा दिवाळीनंतर आहे. ती पानं त्याला पाठवली आहेत, वाचून त्यानं आणखी सात प्रश्न परत पाठवलेत.